किल्ली हातात येण्याआधी: सोळाव्या वर्षीचे निर्णय आणि आपली मूल्यं

माझ्या भाच्याच्या उजव्या पोटरीवर रुपयाएवढा डाग आहे. सायलेन्सर चिकटून भाजलेला. गेल्या वर्षी, अकरावीत असताना, पाच पोरं संध्याकाळी कोल्हापुरात रंकाळ्याच्या चौपाटीवर बसली होती. एकानं थोरल्या भावाची गाडी आणलेली. किल्ली बोटात फिरवत तो म्हणाला, "मार की एक राउंड." आमच्या साहेबांना गियरची गाडी धड येत नाही, लायसन नाही, डोक्यावर हेल्मेट नाही. तरी गेला. वळताना गाडी कलली, पाय खाली अडकला. डागावर निभावलं.

घरी आल्यावर माझ्या बहिणीनं "तुला कळत नाही का?" हा एकच प्रश्न चाळीसेक वेळा विचारला. रात्री गच्चीवर मी त्याच्या पायाला मलम लावत होतो, तेव्हा तो हळूच म्हणाला, "मामा, कळतंय रे सगळं. पण त्या टायमाला काय सुचतंय व्हय?"

मी ज्युनियर कॉलेजात शिकवतो. रोज शे-दीडशे पोरं-पोरी समोर असतात आणि त्यांच्या आयांचे फोन मागं असतात. वीस वर्षांत या वयाबद्दल इतकं नेमकं वाक्य मला कुणाकडून ऐकायला मिळालं नव्हतं. आपल्याकडं म्हणतातच, कळतं पण वळत नाही. हे असं का होतं, यावर गेल्या पंचवीस-तीस वर्षांत बराच अभ्यास झाला आहे, आणि त्यातून निघालेलं उत्तर आपल्या नेहमीच्या उपदेशाला फारसं सोयीचं नाही.

मेंदूचा कपाळामागचा भाग थांबवण्याचं, तोलण्याचं, पुढचं बघण्याचं काम करतो. तो पुरता तयार व्हायला पंचविशी उजाडते. मजेकडं, बक्षिसाकडं, चारचौघांत मिळणाऱ्या मानाकडं ओढणारी यंत्रणा मात्र वयात येतानाच जोर धरते. गुऱ्हाळ डोळ्यांपुढं आणा. चुलवाण धडाडून पेटलंय, काहिलीत रस उसळतोय, आणि गूळ करणारा गुळव्या मात्र अजून शिकाऊ. गूळ कसा होतो, हे त्याला विचारलंत तर सगळं पाठ म्हणून दाखवेल. रस उतू जायला लागला की त्याचे हात गोंधळतात.

म्हणजे सोळा वर्षांचा मुलगा मूर्ख नसतो. शांत बसवून, वेळ देऊन, एकट्याला विचारलं तर या वयाची मुलं जवळपास मोठ्यांइतकाच नीट विचार करतात. घोळ होतो तो गरम वेळेला. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकावर गाडी चालवायचा खेळ होता. पिवळा दिवा लागला की थांबायचं, की अजून थोडं दामटायचं, हे खेळणाऱ्यानं ठरवायचं. काहींना एकट्यानं खेळायला दिलं, काहींना सोबतीला मित्र दिले. मित्र बघत असताना किशोरवयीन मुलांनी जास्त धोका पत्करला. चोवीस वर्षांच्या पुढच्यांवर मित्र असण्या-नसण्याचा म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही.

हे वाचल्यावर मला चौपाटीवरची ती पाच पोरं आठवली. एकटा असता तर भाच्यानं त्या गाडीकडं बघितलंही नसतं.

(लग्नाच्या वरातीत किंवा जमिनीच्या वादात चाळिशीतले लोक काय करतात तेही मी बघितलंय. पण त्यांच्यावर कुणी प्रयोग करत नाही.)

आता मूल्यांकडं येतो. हा शब्द काढला की वर्गातल्या मागच्या बाकावर जांभया सुरू होतात, आणि मी त्यांना दोष देत नाही. शाळेत मूल्यशिक्षणाचा तास असायचा. श्रमप्रतिष्ठा, वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, सौजन्यशीलता अशी दहा मूल्यं फळ्यावर लिहिलेली असत, आणि ती पाठ झाली की काम संपलं. ती मूल्यं वाईट नव्हती. पण ती फळ्याची होती. आपल्याला ज्याची पडलेली असते, ज्याला धक्का लागला की आत दुखतं, ते आपलं मूल्य. कुणाला शब्द पाळणं, कुणाला आपलं आपण ठरवणं, कुणाला घरच्यांना त्रास न होणं, कुणाला शरीर कमावणं.

ध्येय आणि मूल्य यांतही गल्लत होते. बारावीला नव्वद टक्के हे ध्येय झालं. मिळाले की संपलं, नाही मिळाले तरी संपलं. मन लावून काम करणं हे मूल्य. त्याचा निकाल लागत नाही आणि ते रोज संध्याकाळी पुन्हा समोर उभं राहतं.

आपली मूल्यं कोणती, हे विचारून कळत नाही. "तुझी मूल्यं सांग" म्हटलं की पोरं प्रामाणिकपणा सांगतात, कारण उत्तरपत्रिकेत ते चालतं. मी वेगळं विचारतो. मागच्या वेळी तुला खरा राग कशाचा आला होता? कुणाचा हेवा वाटतो? कुणी न सांगता तू काय केलंस? २०१९ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी गावात शिरलं, तेव्हा तालमी-मंडळांची पोरं मदतीला उतरली होती. त्यांतलाच एक पुढं माझ्या वर्गात आला. अभ्यासात जेमतेम. या प्रश्नावर तो म्हणाला, "सर, म्हातारी माणसं अडकलेली, बघवत नव्हतं." दुसऱ्याच्या अडचणीला धावणं हे त्याचं मूल्य तेव्हाही होतं. त्याला ते मूल्य म्हणतात, हे कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच.

हे लिहून काढल्यानं काही फरक पडतो का? अमेरिकेत जेफ्री कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सातवीच्या मुलांकडून वर्गातच, थोड्या वेळात, आपल्याला महत्त्वाच्या वाटणाऱ्या गोष्टींवर लिहून घेतलं. २००६ मध्ये त्याचा निष्कर्ष आला की ज्या कृष्णवर्णीय मुलांनी हे लिहिलं त्यांचे गुण सुधारले. पुढं इतरांनी तोच प्रयोग केला, तेव्हा कुठं फरक दिसला, कुठं नाही. त्यामुळं वहीत चार ओळी लिहिल्या की पोरगं सुधारलं, असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. लिहिल्यानं एक मात्र होतं: गोष्टीला नाव मिळतं. नाव असलं की गरम वेळेला ती हाकेला सापडते.

मूल्य असूनही पोरं घसरतात कुठं, याचं उत्तर मला तालमीत सापडलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ मध्ये खासबागेचं मैदान उभं राहिलं, आणि पेठापेठांत तालमी नांदल्या. तालमीत राहणारा पैलवान पहाटे उठायचं की नाही, याचा रोज रात्री विचार करत बसत नाही. उठायची वेळ, जोर-बैठका, लढत, खुराक, झोप सगळं वस्तादानं ठरवून टाकलेलं असतं. हिवाळ्यात पहाटे चारला अंगावर घोंगडी असताना निर्णय घ्यायची वेळच येत नाही. निर्णय कधीच झालेला असतो, थंड डोक्यानं, भर दिवसा. पैलवानाच्या मनाचा कणखरपणा आपण वाखाणतो, पण निम्मं श्रेय या व्यवस्थेचं आहे.

यातली कच्ची बाजूही मी बघितली आहे. नियम वस्तादाचे असतात. पोरगं तालीम सोडून पुण्याला नोकरीला गेलं की सहा महिन्यांत पोट सुटतं आणि तोंडात पुडी येते. कारण ते नियम त्याचे कधी झालेच नव्हते. बाहेरून घातलेला नियम माणूस बघणाऱ्याची पाठ फिरेपर्यंतच पाळतो. म्हणून दोन्ही लागतं: मूल्य आपलं आणि निर्णय आधी घेतलेला.

पुडीचा विषय निघालाच आहे तर त्यावर थोडं थांबतो, कारण आमच्या भागात हा मोठाच प्रश्न आहे. "तंबाखूनं कर्करोग होतो" हे पोरांना माहीत असतं. पाकिटावर चित्रासकट छापलेलंच असतं. पण सोळाव्या वर्षी पन्नाशीतला आजार म्हणजे दुसऱ्याच कुणाचा तरी आजार. तिथं आरोग्याचं व्याख्यान पोचत नाही. मग पोचतं काय?

टेक्सासमधल्या एका शाळेत ख्रिस्तोफर ब्रायन, डेव्हिड येगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठवीच्या मुलांवर केलेला अभ्यास २०१६ मध्ये आला. काही मुलांना नेहमीसारखं सांगितलं, पौष्टिक खा, पुढं फायदा होईल. काहींना सांगितलं की खाद्यकंपन्या तुम्हाला, आणि तुमच्याहून लहान नि गरीब मुलांना, चटक लागावी म्हणून पदार्थ कसे बनवतात आणि जाहिराती कशा करतात. दुसऱ्या दिवशी खाऊ निवडायची वेळ आली, तेव्हा दुसऱ्या गटातल्या मुलांनी जास्त प्रमाणात बरं खाणं निवडलं. आरोग्याची काळजी त्यांना अचानक वाटू लागली, असं नाही. आपल्याला कुणी गंडवू नये आणि लहानांवर अन्याय होऊ नये, या दोन गोष्टी त्या वयात आधीच पेटलेल्या असतात. नवं मूल्य शिकवायची गरजच पडली नाही.

मी हे वर्गात वापरून बघितलं. फळ्यावर लिहिलं: महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी. मग विचारलं, तरी तो खाल्ला कसा जातो? उत्तर पोरांनाच ठाऊक होतं. सुपारी-मसाल्याची पुडी वेगळी, तंबाखूची वेगळी, दोन्ही शेजारी शेजारी टांगलेल्या, मिसळायचं काम गिऱ्हाईकाचं. म्हटलं, म्हणजे कायद्याला टांग मारणाऱ्याचा कारखाना तुमच्या तळहातावर चालतो, आणि पगार मिळायचा सोडून पैसे तुम्हीच देता. शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत आणि १८ वर्षांखालच्याला तंबाखू विकायला २००३ च्या कायद्यानं मनाई आहे. मग टपरी कोपऱ्यावरच का असते? कारण आयुष्यभराचं गिऱ्हाईक कोवळं असतानाच धरावं लागतं. वर्ग गप्प झाला. मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "च्यायला, आपणच येडे." त्यानं सोडली का, मला माहीत नाही. पण कर्करोगाच्या चित्रानं त्याला कधी शिवी सुचली नव्हती.

आता राहिला तो क्षण, किल्ली समोर आल्याचा. पीटर गॉलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञानं दाखवून दिलं की "मी व्यायाम करीन" असा नुसता निश्चय आणि "जर असं झालं, तर मी तसं करीन" असा नेमका निश्चय यांत मोठा फरक पडतो. जर-तर आधी बांधून ठेवलं की त्या वेळेला विचार करावा लागत नाही. वाक्य आपोआप तोंडात येतं. वस्तादाचंच काम, फक्त वस्ताद आपणच.

भाच्याबरोबर मी हे गच्चीवर बसून केलं. आधी त्याला महत्त्वाचं काय, ते काढलं. आरोग्य वगैरे काही निघालं नाही. निघाली दोन: फुटबॉल आणि "आईला दवाखान्यात बसवायचं नाही". त्याचे वडील एकदा महिनाभर ॲडमिट होते, ते त्याच्या डोक्यात बसलेलं. कोल्हापुरात फुटबॉल ही काय चीज आहे हे सांगायला नको. शाहू स्टेडियमवर पेठेची मॅच असली की अख्खी गल्ली रिकामी होते. म्हटलं, गुडघा गेला तर काय? तो गप्प.

मग वाक्य शोधायला बसलो. माझं पहिलं वाक्य त्यानं उडवूनच लावलं. "मला हे योग्य वाटत नाही" असं म्हणायचं मी सुचवलं होतं.

"मामा, असं बोललो तर पोरं मला निबंध म्हणून हाक मारतील."

बरोबर होतं त्याचं. नकार त्याच्या भाषेत हवा, आणि नकार देऊन मैत्री टिकायला हवी. शेवटी त्यानंच बनवलं: "गुडघा गेला तर सीझन गेला भावा, तू मार, मी व्हिडिओ काढतो." मी म्हटलं, व्हिडिओ काढलास की तो अजूनच जोरात पळवेल. ते त्यालाही पटलं. मग शेपूट बदललं: "गुडघा गेला तर सीझन गेला भावा. चल, भेळ माझ्याकडनं." आम्ही ते चार-पाच वेळा म्हणून बघितलं, मी किल्ली फिरवणारा आणि तो तो. हसू आवरत नव्हतं. पण अभिनय केल्याशिवाय ते वाक्य कागदावरच राहिलं असतं.

या वाक्यात मैत्री मोडत नाही, हे नीट बघा. खरी अडचण तिथंच असते. आपण पोरांना सांगतो, वाईट संगत सोड. पण दोस्ताला साथ देणं हेही त्यांचं मूल्यच आहे, आणि चांगलं मूल्य आहे. लढाई चांगल्या-वाईटात नसते, दोन चांगल्यांत असते. म्हणून नकार देताना दुसऱ्या हातानं काहीतरी द्यावं लागतं. इथं भेळ दिली.

पण सगळीकडं भेळ पुरत नाही. माझ्याकडं आलेल्या एका मुलीला तिचा मित्र महिनाभर तसला फोटो मागत होता. "प्रेम असेल तर पाठवशील" हे त्याचं वाक्य. तिला विश्वास महत्त्वाचा होता, आणि तोच तिच्याविरुद्ध वापरला जात होता. आम्ही बराच वेळ बोललो. मग तीच म्हणाली, "सर, विश्वास दोन्हीकडनं पाहिजे की. त्याचा माझ्यावर असता तर पुरावा मागितला असता का?" हे उत्तर मला सुचलं नसतं. ज्या मूल्याच्या नावानं मागणी होते, ते मूल्य उलटं फिरवून मागणाऱ्याला लावून बघायचं. जाता जाता कायदा सांगून ठेवतो: १८ वर्षांखालच्या व्यक्तीचा तसा फोटो साठवणं किंवा पुढं पाठवणं हा गंभीर गुन्हा आहे, पाठवणारा स्वतः लहान असला तरी प्रकरण पोलिसांपर्यंत जातं.

झोपेबद्दल थोडक्यात. १३ ते १८ वयाला रात्री ८ ते १० तास झोप लागते. या वयात झोप येण्याची वेळच नैसर्गिकरीत्या उशिरा सरकते, त्यात सकाळी सहाचा क्लास आणि उशाला मोबाइल. अर्धवट झोपेत थांबायची ताकद आधी जाते. म्हणून महत्त्वाचं काहीही, भांडण, ब्रेकअप, मेसेजला उत्तर, रात्री अकरानंतर ठरवायचं नाही, असा एक जर-तर प्रत्येकानं करून ठेवावा. माझ्यासकट.

पालकांनी काय करायचं, हे मला नेहमी विचारतात. गाडीच्या बाबतीत तर कायद्यानंच त्यांचा कान धरलाय. सोळाव्या वर्षी ५० सीसीपर्यंतच्या बिनगियरच्या गाडीचंच लायसन मिळतं, बाकीला अठरा लागतात. अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. चौपाटीवरच्या त्या थोरल्या भावाला हे माहीत होतं का, देव जाणे.

पण दंडापेक्षा माझ्या बहिणीनं केलेली एक गोष्ट जास्त उपयोगी पडली. तिनं मुलाशी करार केला: कुठंही अडकलास, गाडी चालवणारा प्यायलेला असला, जागा बरी वाटली नाही, तर फोन कर. मी नाहीतर मामा न्यायला येईल. त्या रात्री एकही प्रश्न विचारणार नाही. सकाळी बोलू. हा करार तिला किती जड गेला, हे मी जवळून बघितलंय. "एकही प्रश्न नाही?" असं तिनं मलाच तीनदा विचारलं. पण पोरगं फोन करताना जर "आई काय म्हणेल" याला घाबरणार असेल, तर ते प्यायलेल्याच्या मागं बसून येईल. थंड डोक्यानं आईनंही आपला निर्णय आधी घेऊन ठेवायचा असतो.

आणि काही वेळा मूल्यं, वाक्यं, करार यांतलं काहीच पुरत नाही. पुडी सुटता सुटत नाही, पोरगं आठवडेच्या आठवडे उदास आहे, खाणं सुटलंय, जगणं नको म्हणतंय, तेव्हा तो निर्णयशक्तीचा प्रश्न राहिलेला नसतो, उपचाराचा असतो. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. मुलांसाठी १०९८ आहे. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिक असतात. मनाच्या दुखण्याला डॉक्टर लागला, तर गुडघ्याच्या दुखण्याला लागतो तितकंच ते साधं आहे.

भाच्याला मागच्या महिन्यात विचारलं, ते वाक्य कधी वापरलंस का? म्हणाला, तीनदा वेळ आली. दोनदा चाललं. तिसऱ्यांदा?

"तिसऱ्यांदा बसलो मागं. पण हेल्मेट घेतलं."

"आणि आईला फोन?"

"नाही केला." मग जरा थांबून, "मामा, भेळीचे साठ रुपये देणार होतास तू. दोन वेळचे एकशेवीस झाले."